स्वयंपाकघराचं नूतनीकरण: फ्लॅटमधल्या किचनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुणे-नाशिककडच्या फ्लॅटमध्ये राहणारे लोक किचन बदलायला घेतात तेव्हा तेच ते प्रश्न फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. शटरचा रंग कोणता घ्यावा, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मुद्दाम वगळलाय. रंग आठ-दहा वर्षांनी दोन दिवसांत बदलता येतो, पण भिंतीतली वायर आणि ओट्याखालचा पाइप बदलायला सगळं पुन्हा फोडावं लागतं.

१. किचन नवीन करायचंय. आधी कुणाला बोलवू: डिझायनरला, सुताराला की प्लंबरला?

आठवडाभर कुणालाच नको. आधी घरातल्या सामानाची यादी करा. सगळ्यात उंच डबा किती इंचांचा, गव्हाचं पिंप कुठे राहतं, तेलाचा डबा पंधरा किलोचा आणता की लिटरच्या पिशव्या, रोज लागणारी भांडी कोणती आणि वर्षातून दोनदा निघणारी (पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, मोठी परात) कोणती. ही यादी नसली की शोरूममधला माणूस त्याच्याकडे पडून असलेल्या मापाच्या ट्रॉल्या तुमच्या गळ्यात मारतो, आणि पिंप शेवटी बेडरूममध्ये जातं.

मग प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना घेऊन किचन दाखवा. पाणी, सांडपाणी आणि वीज कुठवर नेता येते हे कळल्यावरच चित्र काढायला बसा. डिझायनर त्यानंतर. लहान सरळ ओट्याच्या किचनला डिझायनर नसला तरी चालतो. एल किंवा यू आकाराच्या ओट्याला मात्र कोपऱ्यांचं गणित चुकतं, तिथे पैसे खर्च करा.

२. भिंत पाडत नाही, फक्त ओटा आणि ट्रॉल्या बदलतोय. तरी सोसायटीची परवानगी लागते?

ट्रॉल्या आणि शटरपुरतं काम असेल तर बहुतेक ठिकाणी पत्र देऊन कळवणं पुरतं. ओटा फोडणं, टाइल काढणं, नळाची लाइन हलवणं यांसाठी समितीची लेखी परवानगी घ्या. आदर्श उपविधींमध्ये (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमध्ये) सदनिकेतल्या फेरबदलांसाठी ती अपेक्षित आहे. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, अनामत रक्कम आणि राडारोडा कुठे ठेवायचा हे त्याच पत्रात लिहून घ्या. राडारोडा उचलण्याचं काम कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात आहे का, हे विचारायला लोक विसरतात आणि मग पोती पार्किंगमध्ये महिनाभर पडून राहतात. भिंतीला हात लावणार असाल तर प्रश्न ११ आणि १२ आधी वाचा.

३. ओट्याची उंची किती ठेवावी?

जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला, घरात घालायच्या चपला घालून, उभं करा. हात कोपरात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की ओट्याची उंची मिळते. पाच फूट उंचीच्या बाईला ती साधारण ३२ ते ३३ इंच येते, साडेपाच फुटांच्या माणसाला ३५-३६. बिल्डर सगळ्यांना एकच माप देतो, त्यामुळे पाठदुखी कुणाची तरी ठरलेलीच असते.

तीन गोष्टी इथे निसटतात. पहिली, उंची नव्या फरशीपासून धरायची. जुन्या फरशीवर नवी बसवणार असाल तर जमीनच पाऊण इंच वर येते. दुसरी, शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर तिची चारेक इंच उंची आणि त्यावर कढई; फोडणी देताना हात खांद्यापर्यंत जायला नको. पोळ्या लाटायला थोडा खालचा ओटा बरा, भाजी चिरायला थोडा वरचा. दोन्ही एकाच माणसाने करायचं तर पोळ्यांच्या बाजूने कौल द्या, कारण लाटताना जोर लागतो. तिसरी, सिंकमध्ये काम होतं ते तळाशी. दहा इंच खोल सिंक फोटोत छान दिसतं आणि भांडी घासणाऱ्या मावशींची कंबर मोडतं. आठ इंच पुरे.

ओट्याची खोली २४ इंच, वरच्या कपाटांची १२ ते १४ इंच, आणि दोहोंमधलं अंतर २२ ते २४ इंच ठेवलं की डोकं आपटत नाही.

४. ओट्याला ग्रॅनाइट, क्वार्ट्झ की कडप्पा?

काळा ग्रॅनाइट. गरम कुकर, लिंबू, हळद, आमसूल, खलबत्ता, सगळं सोसतो. आंध्रातल्या चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी लोकप्रिय आहे, पण साधा काळाही तितकंच काम देतो. फिकट रंगाचा ग्रॅनाइट तेल पितो. घेतलात तर सीलर लावून घ्या. बाजारात काही लाद्या रंगवून काळ्या केलेल्या असतात. पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन (नेलपेंट काढायचं चालतं) घेऊन कोपऱ्यात घासा. फडकं काळं झालं तर पुढच्या दुकानात जा.

क्वार्ट्झमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाची भुकटी आणि बाकी रेझिन असतं. डाग कमी धरतो, पण रेझिनला उष्णता सोसत नाही. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवायची सवय घरात असेल तर तो घेऊ नका. सवय बदलेल असं समजू नका.

कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. आंबट पडलं की पांढरा डाग उमटतो. वरच्या लादीला नको, पण आतल्या फळ्यांना आणि खांबांना त्याच्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ काही नाही (प्रश्न ५).

कोणताही दगड घेतला तरी जोड सिंकच्या किंवा हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कापाजवळ येऊ देऊ नका. तिथेच लादी अरुंद होते आणि तिथूनच तडकते.

५. पूर्ण मॉड्युलर करावं की कडप्प्याचे खांब उभे करून मध्ये ट्रॉल्या बसवाव्यात?

पूर्ण मॉड्युलरमध्ये प्लायचे किंवा बोर्डाचे तयार खोके जमिनीवर पायांवर उभे राहतात आणि ग्रॅनाइट त्यांच्यावर बसतो. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत कडप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे उभे खांब बांधून त्यावर ओटा टाकतात, मग दोन खांबांच्या मध्ये ट्रॉल्या आणि पुढे शटर.

फ्लॅट स्वतःचा असेल आणि तिथे पंधरा-वीस वर्षं राहायचं असेल तर माझं मत दुसऱ्या पद्धतीला. सिंक गळलं, वॉशिंग मशीनचं पाणी आलं, फरशी धुतली, तरी दगड फुगत नाही. वाळवीला खायला काही नाही. दहा वर्षांनी शटर आणि ट्रॉल्या काढून नव्या बसवल्या की किचन नवं. ओटा हलवावा लागत नाही. मॉड्युलरमध्ये सिंकखालचा खोका कुजला तर वरचा ग्रॅनाइट तोलून धरून तो बदलावा लागतो, आणि ते काम कुणी आनंदाने करत नाही.

तोटेही आहेत. खांब काटकोनात उभे करणारा गवंडी हवा. दोन खांबांतलं अंतर खाली २१ इंच आणि वर साडेवीस आलं तर टँडम ट्रॉलीची (ड्रॉवरसारखी सरकणारी) पट्टी बसत नाही, मग सुतार फळीचे तुकडे ठोकून ‘ॲडजस्ट’ करतो. ट्रॉल्यांचा ब्रँड आणि रुंदी आधी ठरवा, गवंड्याला तीच मापं भिंतीवर लिहून द्या. मॉड्युलर फिटिंग सफाईदार दिसतं, काम लवकर आटोपतं, आणि घर बदलताना खोके काढून नेता येतात (प्रश्न १७).

मधला मार्गही चांगला चालतो: सिंकखाली आणि सिलिंडरच्या खणात दगड, बाकी ठिकाणी प्लायचे खोके. पद्धत कोणतीही असो, कामाचा क्रम तिच्यावरून ठरतो. खांबांच्या पद्धतीत ओटा आधी आणि फर्निचरचं पक्कं माप नंतर. खोक्यांच्या पद्धतीत खोके आधी, ग्रॅनाइट नंतर.

६. सुतार म्हणतो ‘वॉटरप्रूफ प्लाय’ लावतो. विश्वास ठेवू का?

शिक्का बघा. आयएस ३०३ या भारतीय मानकाखाली एमआर आणि बीडब्ल्यूआर हे दोन दर्जे येतात. एमआर म्हणजे नुसती दमट हवा सोसणारा, किचनच्या खालच्या खणांना उपयोगाचा नाही. बीडब्ल्यूआर पाण्याला त्याहून जास्त टिकतो. आयएस ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्यातही न सुटणारा. सिंकखाली ७१०, बाकी खाली बीडब्ल्यूआर, वरच्या कपाटांना तेवढंच पुरे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड शटरला चालतात, पण कोकणात किंवा मुंबईच्या दमटपणात खालच्या खोक्यांना लावू नका. पाणी एकदा कापलेल्या कडेतून शिरलं की बोर्ड पावासारखा फुगतो आणि परत बसत नाही. कडा चारही बाजूंनी एजबँडने (कडेला चिकटवायच्या पट्टीने) बंद आहेत का, भिंतीकडची दिसत नसलेली कडसुद्धा, हे बसवण्याआधी हाताने तपासा.

७. सिंक खिडकीखालून दुसऱ्या भिंतीला न्यायचंय. जमेल का?

पाणी नेणं सोपं, सांडपाणी नेणं अवघड. सांडपाण्याच्या पाइपला फुटाला पाव इंच तरी उतार लागतो. सिंक आठ फूट लांब नेलं तर दोन इंच उतार आणि वर पाइपची जाडी; फरशीखाली तेवढी भरणी असतेच असं नाही. मग पाइप ओट्याखालून भिंतीलगत न्यावा लागतो आणि त्या सगळ्या ट्रॉल्यांची खोली कमी करावी लागते. दारासमोरून पाइप जाणार असेल तर विषयच संपला.

सिंक तीन-चार फूट सरकवणं बहुतेक ठिकाणी जमतं. त्यापलीकडे जायचं तर आधी शेगडी हलवता येते का ते बघा. नव्या लाइनला काटकोनी बेंडऐवजी दोन ४५ अंशांचे बेंड लावा आणि साफसफाईचं तोंड हाताला येईल असं ठेवा. ते ट्रॉलीच्या मागे बंद करून टाकणं हा नेहमीचा प्रमाद.

८. विजेचे पॉइंट किती आणि कुठे?

मोजा: फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह किंवा ओटीजी, इंडक्शन, वॉटर प्युरिफायर, चिमणी, किटली किंवा एअर फ्रायर, गिझर असला तर तो. शिवाय ओट्यावर दोन मोकळे. मिक्सर, प्युरिफायर, चिमणीला ६ अँपिअर चालतो. तापवणाऱ्या प्रत्येक वस्तूला १६ अँपिअर.

खरी अडचण मागच्या वायरची असते. २००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतं. त्याच लाइनवर किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम लागले की वीसच्या पुढे. म्हणून किचनला किमान दोन वेगळ्या १६ अँपिअरच्या लाइन, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरच्या. गिझरला वेगळी, ४ चौरस मिलिमीटरची. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच कामात बसवून घ्या. ओले हात आणि वीज एकत्र असलेली ही घरातली जागा आहे. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची वायर निघाली तर थेट मीटरपासून नवी ओढा, आणि मंजूर विद्युतभार पुरतो का ते बिलावर बघा.

सॉकेट ओट्यापासून आठ-दहा इंच वर. शेगडीच्या मागे आणि सिंकच्या अगदी शेजारी नकोत. गिलावा करण्याआधी उघड्या भिंतींचे फोटो मोजपट्टी लावून काढा. पाच वर्षांनी प्युरिफायर टांगताना ड्रिल कुठे मारू नये, हे त्याच फोटोंतून कळेल.

९. चिमणी घ्यावीच का?

डक्ट बाहेर काढता येत असेल तर घ्या. सहा इंची डक्ट, जितके कमी बेंड तितकी ओढ चांगली. शेगडीपासून अंतर साधारण २६ ते ३० इंच, पण आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलंय तेच धरा. डक्ट काढायला जागाच नसेल तर कार्बन फिल्टरची डक्टलेस चिमणी वास थोडा कमी करते. वाफ आणि उष्णता घरातच राहते. त्यापेक्षा खिडकीतला एक्झॉस्ट फॅन स्वस्त आणि परिणामकारक. बाहेरच्या भिंतीला भोक पाडण्याआधी प्रश्न २ आणि ११.

१०. सिलिंडर ओट्याखालीच ठेवायचा की बाहेर काढायचा? पाइप गॅस असेल तर?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडरच्या खणाच्या शटरला खालच्या बाजूला जाळी किंवा फटी हव्यात. सिलिंडर उभाच, आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. आयएसआय खुणेची सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून किंवा ट्रॉलीच्या मागून लपवून नेऊ नका, आणि पाच वर्षांनी बदला. सिलिंडर ड्राय बाल्कनीत न्यायचा तर धातूची पक्की लाइन वितरकाच्या माणसाकडूनच करून घ्या.

पाइपचा गॅस उलट हलका, वर चढतो. हवा वरून बाहेर जायला हवी. मीटर आणि बंद करायची चावी कपाटात कोंडू नका. लाइन हलवायची तर मुंबईत महानगर गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस (एमएनजीएल) यांच्याकडे अर्ज करा, आणि तो तोडफोडीच्या आधी करा. प्लंबर ‘मी करतो’ म्हणाला तरी नाही म्हणा. सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना शेगडीचे जेट बदलावे लागतात. नवा हॉब घेताना कोणत्या गॅससाठी ते सांगा.

११. आमची इमारत मिव्हानची आहे. इलेक्ट्रिशियन भिंतीत खाच मारायला तयार नाही. काय करायचं?

त्याचं बरोबर आहे, त्याला चहा पाजा. मिव्हान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. त्यात सळया असतात आणि बहुतेक भिंती इमारतीचा भार घेतात. खाच मारली तर सळई उघडी पडते. नव्या वायर वरच्या कपाटांच्या मागून, लॉफ्टखालून किंवा ओट्याखालच्या स्कर्टिंगमागून केसिंगमध्ये न्या. व्यवस्थित आखलं तर एकही दिसत नाही. कपाटं टांगायला अँकरची भोकं चालतात. डक्टसाठी मोठं भोक मात्र बिल्डरच्या किंवा संरचना अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय नाही. काही नव्या टॉवरमध्ये स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, तिथे छतात खोल ड्रिल मारण्याआधी नकाशा मागा.

१२. किचन आणि हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करता येईल?

खांब-तुळयांच्या आरसीसी इमारतीत चार-सहा इंचांची मधली भिंत बहुतेक वेळा नुसता पडदा असते. वरची तुळई राहते, भिंत जाते. जुन्या लोड-बेअरिंग इमारतीत खांब नसतातच, जाड विटांच्या भिंतीच वरचे मजले पेलतात. तिथे भिंतीला हात लावायचा नाही. ठोकून आवाजावरून ठरवू नका. संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्या, मग सोसायटी आणि महापालिका. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायचं असतं. तो अहवाल सचिवांकडे मागा, निम्मी उत्तरं त्यात असतात.

आणि एक न विचारलेलं मत: सुक्या बोंबलाचा किंवा मिरचीच्या फोडणीचा वास सोफ्यात मुरलेला चालणार असेल तरच ओपन किचन.

१३. डिशवॉशर पुढे घेऊ. आत्ता काय सोय करून ठेवू?

चोवीस इंच रुंदीचा मोकळा खण, सिंकच्या लगत. पाण्याचा नळ, सांडपाण्याची जोडणी, १६ अँपिअरचा पॉइंट. घोळ होतो तो उंचीत. मोठं मशीन सुमारे ८५ सेंटिमीटर उंच असतं, आणि प्रश्न ३ प्रमाणे ठरलेला ३३ इंचांचा ओटा वरच्या लादीसकट ८४ च्या आत भरतो. काही मॉडेलची वरची झाकणी काढता येते, मग दोन-तीन सेंटिमीटर मिळतात. तेही पुरलं नाही तर टेबलटॉप मॉडेल, किंवा मशीन ड्राय बाल्कनीत. मशीनसाठी ओटा उंच करून रोज खांदे चढवून पोळ्या लाटू नका.

१४. ट्रॉली ३०४ स्टीलची आहे हे चुंबकाने कळतं ना?

नाही. ३०४ला चुंबक जवळपास चिकटत नाही, पण स्वस्त २०२लाही चिकटत नाही. ३०४मध्ये क्रोमियमबरोबर आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं, म्हणून ते गंजाला जास्त टिकतं. दुकानदाराकडे थेंब टाकून रंग बघायचं चाचणीचं द्रावण असतं, तुमच्यासमोर टाकायला सांगा आणि बिलावर ‘३०४’ लिहून घ्या. सिंकखालच्या आणि ओल्या भांड्यांच्या ट्रॉलीला ३०४, कांदे-बटाट्यांच्या ट्रॉलीला एवढा हट्ट नको.

१५. तीन कोटेशन आलीत, तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. तुलना कशी करू?

रनिंग फुटाचा (ओट्याच्या लांबीवरचा) दर बाजूला ठेवा. दहा फुटांत तीन ट्रॉल्या की नऊ, हे त्यात कळत नाही. प्रत्येकाकडून हे वेगवेगळं मागा: खोक्यांचा माल आणि जाडी, शटर किती चौरस फूट आणि कोणत्या फिनिशचं, ट्रॉल्यांची संख्या, माप आणि कंपनी, बिजागऱ्या साध्या की सॉफ्ट क्लोज. मग काय धरलेलं नाही ते विचारा: ग्रॅनाइट, टाइल, प्लंबिंग, वायरिंग, सिंक-नळ, राडारोडा, जीएसटी. शेवटचे दहा-पंधरा टक्के सगळी शटर सरळ लागल्यावरच द्या.

१६. किती दिवस लागतात? घरात राहून काम होईल?

खांबांच्या पद्धतीत तोडफोड ते ओटा दोन-अडीच आठवडे, मग माप घेऊन कारखान्यात फर्निचर तयार व्हायला तीन-चार आठवडे, बसवायला तीन-चार दिवस. मधल्या काळात ओटा आणि सिंक वापरता येतं, त्यामुळे खरा उपास पहिल्या दोन आठवड्यांचाच. पावसाळ्यात आतलं काम चालतं, फक्त गिलावा वाळायला वेळ द्या आणि प्लाय जिन्यात भिजू देऊ नका. गणपती ते दिवाळी हा काळ टाळा. घरात पाहुणे आणि कारागीर गावी.

१७. भाड्याचं घर आहे. थोडं तरी सुधारता येईल?

भिंत आणि ओटा सोडून सगळं. पायांवरचे सुटे खोके, चाकांची ट्रॉली, आहे त्या खणात बसणाऱ्या तारेच्या बास्केट. दगडाचं काम घरमालकाच्या खर्चाने होत असेल तरच.

१८. वास्तुशास्त्राप्रमाणे शेगडी आग्नेयेला हवी, पण तिथे सिंकची लाइन आहे.

श्रद्धा असेल तर पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक होईल एवढं साधा, ते बहुतेक किचनमध्ये जमतं. सांडपाण्याचा उतार दिशेपुढे नमत नाही (प्रश्न ७). शेगडी आणि सिंक यांच्यात दोन-तीन फूट अंतर मात्र शास्त्र न मानणाऱ्यानेही ठेवावं. कढईत पाणी उडत नाही आणि मधल्या जागेत ताट वाढता येतं.

१९. आई-बाबा सत्तरीपुढचे, मी परदेशात. त्यांचं किचन करून द्यायचंय.

आधी आईला विचारा, मग चित्र पाठवा. तिच्या हाताला सवय आहे त्या क्रमानेच शेगडी, पाणी आणि डबे ठेवा. सगळं उलटसुलट केलेलं नवं किचन या वयात त्रास देतं. रोजचं सामान कंबर ते डोळे या पट्ट्यात. खाली कपाटांऐवजी पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या, वरच्या कपाटांची पहिली फळी हात न ताणता पोचेल अशी. फरशी मॅट. ओट्यावर वरच्या कपाटाखालून दिव्याची पट्टी, कारण तांदळातला खडा दिसायला हवा. गॅस आपोआप बंद होणारी फ्लेम फेल्युअरची शेगडी. पैसे टप्प्याटप्प्याने पाठवा आणि प्रत्येक टप्प्याला प्रश्न ८ मध्ये सांगितलेले फोटो मागा.

२०. जुन्या टाइलवर नवी बसवली तर तोडफोड वाचेल का?

वाचेल, जुनी घट्ट असेल तर. नाण्याने ठोका, पोकळ वाजते ती काढा. सिमेंटऐवजी टाइल ॲडहेसिव्ह, शेगडीमागे इपॉक्सी ग्राउट. सॉकेटचे डबे पुढे आणावे लागतात, हे इलेक्ट्रिशियनला आधी सांगा. वायरिंग किंवा पाइप बदलायचा असेल तर भिंत फुटणारच आहे, मग टाइल वाचवण्यात अर्थ नाही.

२१. काम झालं आणि महिन्याभरात खालच्यांच्या छताला ओल आली. आता?

आधी कोणतं पाणी ते शोधा. रात्री घरातला मुख्य कॉक बंद ठेवा; ओल थांबली तर नळाची लाइन. थांबली नाही तर सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली माणूस उभा करा. भांडी घासल्यावरच ओल वाढत असेल तर सांडपाण्याचा जोड. ‘वाळेल’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देऊ नका. ही सिंक भरून सोडायची चाचणी ट्रॉल्या बसवण्याआधी, पाइप उघडे असतानाच, तीन-चार वेळा करायची असते. प्लंबर घाईत असेल, तरी त्याच्यासमोरच करा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा.